शहाणपणाची हाक, मूर्खपणाचे आमंत्रण

पवित्र बायबलातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथाचा नववा अध्याय ज्यांनी लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले असेल. त्या अध्यायात दोन स्त्रिया आहेत. एक सुज्ञता आणि दुसरी मूर्खता. दोघींची घरे आहेत. दोघीही नगराच्या उंच जागेवरून हाक मारतात, आणि दोघीही एकाच माणसाला, रस्त्याने जाणाऱ्या भोळ्या वाटसरूला, जवळजवळ त्याच शब्दांनी बोलावतात. हाकेत फरक नाही. फरक ताटात आहे. सुज्ञतेने स्वतः राबून स्वयंपाक सिद्ध केला आहे, मेज मांडले आहे. मूर्खतेच्या घरी चूल पेटलेलीच नाही. चोरीचे पाणी गोड लागते, एवढेच तिचे सांगणे. तिचे आधीचे पाहुणे कोठे पोहोचले, हे उंबरठा ओलांडणाऱ्याला ठाऊक नसते.

दुसरी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. या ग्रंथातील सुज्ञता मंदिराच्या गाभाऱ्यात बसून हाक मारीत नाही. ती चौकात उभी आहे, रहदारीच्या रस्त्यावर, नगराच्या वेशीपाशी, जेथे व्यवहार होतात आणि माणसे भाकरीसाठी ये-जा करतात. म्हणून तिच्याविषयी लिहिताना आम्हांला देवळापेक्षा आमच्या भागातील वेशीचीच आठवण होते. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत ही आजची वेस आहे. सकाळची पाळी सुटते आणि दुसरी पाळी आत शिरते, त्या अर्ध्या तासात फाटकाबाहेर किती हाका ऐकू येतात! कर्ज घ्या, हप्ता नंतर भरा. नाव नोंदवा, पैसे दुप्पट करा. फोनवर खेळा, कोट्यधीश व्हा. तेल न्या, आजार पळवा. या गलबल्यात सुज्ञतेचाही एक आवाज आहे. पण तो भोंगा वाजवून येत नाही.

आमचे म्हणणे आम्ही प्रारंभीच स्पष्ट मांडतो. आज आपल्या कॅथलिक कुटुंबांत श्रद्धेची फारशी वाण नाही. मिस्साला गर्दी आहे, नोव्हेना चालू आहेत, यात्रांच्या बस भरून जातात. वाण आहे ती ईश्वरी सुज्ञतेची. हुशारीलाच आपण शहाणपण समजू लागलो आहोत, आणि भाविकपणा असला की शहाणपणाची गरज उरत नाही, असेही मानू लागलो आहोत. या दोन समजुतींनी मिळून जेवढी घरे पोखरली आहेत, तेवढी उघड्या पापांनीही पोखरली नसतील.

हुशारी आणि सुज्ञता यांत भेद काय? बाराशे पंचवीस साली जन्मलेले थोर ईशज्ञानी संत थॉमस अक्विनास या प्रश्नाकडे मोठ्या मार्मिकपणे पाहतात. लॅटिन भाषेत शहाणपणाचा शब्द 'चव घेणे' या क्रियापदाशी नाते सांगतो. ज्याची जीभ शाबूत आहे त्याला गोड काय, कडू काय, हे कळते. तसा ज्याचा आत्मा शाबूत आहे त्याला ईश्वराच्या गोष्टींची गोडी लागते, आणि त्या गोडीवरून तो बाकीच्या सर्व गोष्टी जोखतो. मूर्ख म्हणजे बुद्धी नसलेला नव्हे. तसा मनुष्य तर दयेस पात्र आहे. मूर्ख तो, ज्याची चव मेली आहे. ऐहिक गोष्टींत तो इतका बुडून गेलेला असतो की स्वर्गीय पदार्थ त्याच्या जिभेला अळणी लागतो. अक्विनास अशा मूर्खपणाला पाप म्हणतात, कारण तो माणसाने आपल्या हाताने ओढवून घेतलेला असतो. तापकऱ्याला साखर कडू लागते, त्यात साखरेचा काय दोष?

म्हणूनच मूर्ख मनुष्य अत्यंत हुशार असू शकतो. लूकच्या शुभवर्तमानातील तो धनवान शेतकरी पाहा. पीक अमाप आले, जुनी कोठारे पुरेनात, म्हणून ती पाडून मोठी बांधायचा त्याचा बेत झाला. आजच्या कोणत्याही बँकेच्या व्यवस्थापकाने त्याला शाबासकी दिली असती. परमेश्वराने मात्र त्याला एकाच शब्दाने संबोधले, आणि तो शब्द 'पापी' नव्हता, 'मूर्ख' हा होता. त्याचा हिशेब चुकला नव्हता. हिशेबात तीन रकमा धरायच्याच राहिल्या होत्या. शेजारी, मृत्यू आणि देव.

आता हा विचार आपल्या दारापर्यंत आणू.

पहिला मूर्खपणा पैशाचा. २०२२ साली कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्स या नावाने चाललेल्या कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि शेअर बाजारातील जादा परताव्याच्या आशेने ठेवी गुंतवलेल्या हजारो माणसांची झोप उडाली. अशा योजना आपल्याकडे नव्या नाहीत. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ साली ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. केंद्राने २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली, आणि २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने संमत केला. कायदे झाले, पण हाव कायद्याने मरत नाही. एक योजना बुडाली की त्याच चौकात दुसरीचा फलक लागतो, आणि पहिलीत पोळलेलाच नुकसान भरून काढण्यासाठी दुसरीच्या दारात उभा राहतो.

येथे सुज्ञतेला कोणतेही गूढ ज्ञान लागत नाही, सातवीतले अंकगणित पुरते. वर्षाला सात टक्क्यांनी पैसा दुप्पट व्हायला दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. वर्षात दुप्पट व्हायचा तर महिन्याला सहा टक्के चक्रवाढ हवी. त्या दराने एक लाखाचे पाच वर्षांत बत्तीस लाख होतील आणि दहा वर्षांत दहा कोटींहून अधिक. ज्याच्यापाशी अशी विद्या असेल त्याने एक लाख रुपये कोठूनही उभे करावेत आणि दहा वर्षे स्वस्थ बसावे. तो तुमच्या ओसरीवर चहा पीत, तुमच्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम मागायला का येईल? एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर कित्येक घरांतील दागिने आज घरातच राहिले असते.

तो प्रश्न का विचारला गेला नाही? आमच्या मते कारण गणिताचे नाही, आत्म्याचे आहे. बहुतेकदा हे निमंत्रण परका माणूस आणीत नाही. नात्यातला, गावातला, प्रार्थना मंडळातला कोणीतरी आणतो. 'आपलाच माणूस आहे' या तीन शब्दांनी विवेकाचे तोंड बंद होते. शिवाय आधी आलेल्याला जो परतावा मिळतो तो मागून येणाऱ्याच्या खिशातून दिला जातो, हे पहिल्या काही महिन्यांनंतर अनेकांच्या ध्यानी आलेले असते. तरी ते म्हणतात, आपले निघेपर्यंत टिको म्हणजे झाले. बंधुभगिनींनो, यालाच नीतिसूत्रकार चोरीचे पाणी म्हणतो. तेथे आपण केवळ फसलेलो नसतो. दुसऱ्याच्या फसण्यावर आपला नफा अवलंबून ठेवून बसलेलो असतो. अशा वेळी पैसे बुडाले हे दुःख मोठे खरे, पण ते बुडाले नसते तर आत्म्याचे अधिक नुकसान झाले असते.

दुसरा मूर्खपणा धर्माचे सोंग घेऊन येतो, म्हणून तो अधिक घातक. पैसे दुप्पट करणाऱ्या योजनेची आणि चमत्काराच्या बाजाराची भाषा ताडून पाहा. इतके अर्पण करा, शंभरपट मिळवा. हा संदेश अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता येईल. न पाठवाल तर अनिष्ट होईल. हे तेल लावा आणि गोळ्या बंद करा. येथे देव हा पिता उरत नाही, दलाल होतो. प्रार्थना ही ठेव होते आणि नवस हा व्याजाचा दर. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी समाधानाने मान डोलावली की, हा कायदा दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेविरुद्ध आहे. आपल्या गळ्यात क्रूस आहे म्हणून आपली अंधश्रद्धा ही श्रद्धा ठरत नाही.

आपल्या कॅथलिक बायबलात बेनसीराचा ग्रंथ आहे. त्याचा अडतिसावा अध्याय काढून पाहावा. वैद्याचा मान राखा, कारण त्याला देवानेच निर्माण केले आहे. औषधी भूमीतून उगवतात त्याही देवाच्याच योजनेने, आणि शहाणा माणूस त्यांचा अव्हेर करीत नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी, असेही सांगितले आहे. प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावणारा उपदेशक बायबल हातात धरतो, पण वाचीत नाही. रुग्णांसाठी प्रार्थना करताना अतिरेक आणि दिखाऊपणा टाळावा, अशी सूचना रोमहून २००० साली निघालेल्या मार्गदर्शनपत्रात स्पष्टपणे दिलेली आहे. ख्रिस्तसभा चमत्कार नाकारीत नाही. चमत्काराचा व्यापार नाकारते.

आणि या प्रश्नाची सर्वांत जिवंत बाजू तर कारखान्यातच आहे. कोल्हापूर परिसर ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. फौंड्रीत वाळूची धूळ उडते. त्या वाळूतील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसले म्हणजे सिलिकोसिस होतो. हा रोग बरा करणारे औषध नाही. त्याला रोखणे मात्र शक्य आहे. धूळ ओढून नेणारी यंत्रणा हवी, जेथे जमेल तेथे ओलावा हवा, तोंडावर योग्य प्रकारचा मास्क हवा, वेळोवेळी छातीची तपासणी हवी. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच या रोगाची नोंद देणे बंधनकारक केले होते, इतका तो जुना आणि ओळखीचा आहे. असे असता गळ्यात रोझरी आहे आणि मास्क मात्र पेटीत आहे, असा एखादा कामगार म्हणतो, 'फादर, देव सांभाळील.' हे ऐकायला किती गोड! पण हेच वाक्य सैतानाने प्रभू येशूपुढे मांडले होते. मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूने त्या वेळी काय केले? उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहणे ही श्रद्धा नव्हे, असे सांगून तो शिखरावरून पायांनी उतरला असावा. जिना असता उडी मारणे हा देवावरचा विश्वास नसून देवाला वेठीस धरणे होय.

हा दोष एकट्या कामगाराचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दिवसाचे उत्पादन घटेल म्हणून धूळयंत्र बंद ठेवणारा मालक, कंत्राटी माणसाला बूट व चष्मा न देणारा ठेकेदार, आणि हे सारे पाहून रविवारी पुढच्या बाकावर बसणारा आपला ख्रिस्ती पर्यवेक्षक, यांनाही नीतिसूत्रकाराने मोकळे सोडलेले नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयी आपली परिपत्रके लिहिली. त्यांचे सार असे की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. दुसऱ्याच्या फुप्फुसातून काढलेली बचत ही काटकसर नव्हे. परमेश्वराच्या दरबारी तिची गणना चोरीत होते.

तिसरा मूर्खपणा आपल्या मुलांच्या वाट्याला येतो. मूल जन्मले की त्याच्या शिक्षणाची चिंता सुरू होते, आणि ती योग्यच आहे. पण शिक्षण म्हणजे पदवी, पदवी म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे वार्षिक पगाराचा आकडा, ही साखळी आपण इतकी घट्ट केली आहे की तिच्यात शहाणपणाची एकही कडी उरली नाही. दृढीकरणाच्या दिवशी मुलाला पवित्र आत्म्याच्या सात दानांची नावे पाठ येतात. त्या यादीत पहिले दान सुज्ञतेचे आहे. पण त्या दिवशी घरात चर्चा कशाची असते? मंडप कितीचा, केक कितीचा, छायाचित्रकार कोणता. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या समारंभासाठी कर्ज काढणारी घरे आपल्यात आहेत. जो प्रभू भाकरीच्या रूपात गरीब होऊन येतो, त्याच्या स्वागतासाठी घराने सावकाराच्या दारी जावे, याला काय म्हणावे?

चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट येथे आठवते. १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे त्या वेळच्या नवख्रिस्ती मंडळींनी मागणी केली की, पूर्वीच्या पुराणांऐवजी आम्हांला आमच्या भाषेत वाचायला काही द्या. त्या मागणीतून 'ख्रिस्तपुराण' जन्मले आणि १६१६ साली छापले गेले. म्हणजे मराठीतील एका थोर ग्रंथाचे मूळ सामान्य माणसांच्या ज्ञानाच्या भुकेत आहे. आज परिस्थिती पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षे खपून 'सुबोध बायबल' मराठीत दिले. साहित्य अकादमीने त्या अनुवादाचा गौरव केला. २०२० साली धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली ते प्रभूकडे गेले. त्यांनी रांधून ठेवलेले ताट आपल्या किती घरांत वाढून घेतले जाते? पूर्वजांनी ग्रंथ मागितला होता. आपण ग्रंथ असून फोन मागतो.

येथे कोणी विचारील की, संसारी माणसाने इतका विचार करायचा कधी? बारा तासांची पाळी, येण्याजाण्याचे दोन तास, घरी म्हातारी माणसे. आणि फादर, तुम्हांला ना बायको ना हप्ता. तुम्हांला काय ठाऊक? प्रश्न रास्त आहे. पण सुज्ञता ही फावल्या वेळातील चैन आहे, हे त्यातील गृहीत आम्हांला मान्य नाही. ज्याच्यापाशी पैसा मुबलक आहे त्याला एखादा मूर्खपणा परवडतो. ज्याचा महिना पगारावर उभा आहे त्याला एकही परवडत नाही. गरिबालाच शहाणपणाची गरज अधिक, आणि ते फुकट मिळते हीच देवाची थोर कृपा. ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवापाशी मागावे, तो दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो, असे याकोबाच्या पत्रात आश्वासन आहे. अशी शब्द दिलेली दुसरी कोणती मागणी आहे? नोकरी मागितली तर मिळेलच असे वचन नाही. आजार बरा होईलच असे वचन नाही. सुज्ञता मागितली तर मिळेल, असे मात्र वचन आहे. आणि आपल्या नवसांच्या चिठ्ठ्यांत नेमकी तीच मागणी दुर्मीळ असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. संत पौल तर क्रूस हा जगाच्या दृष्टीने मूर्खपणा आहे असे म्हणतो. मग आपण शहाणपणाचा एवढा उदो उदो का करावा? भोळा भाव देवाला अधिक प्रिय नाही काय? याचे उत्तर आपल्या वसईच्या सुपुत्राने जगून दाखविले आहे. संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापारात चांगले स्थिरावले होते. ती पेढी सोडून ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर मरण पावले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ते वेडे. ख्रिस्तसभेने १८६२ साली त्यांना संत म्हणून घोषित केले. पण हा वेडेपणा आणि पूर्वी सांगितलेला मूर्खपणा एकच नव्हेत. कसोटी सोपी आहे. ख्रिस्तासाठी वेडा झालेला मनुष्य किंमत स्वतः भरतो. मूर्ख मनुष्य किंमत दुसऱ्यावर लादतो, पत्नीवर, मुलांवर, जामीन राहिलेल्या शेजाऱ्यावर. प्रभूने आपल्या शिष्यांना कबुतरासारखे निष्कपट व्हायला सांगितले, तेव्हा त्याच श्वासात सापासारखे चतुरही व्हायला सांगितले होते. आपण त्यातील अर्धेच ऐकले.

सुज्ञता ही आपल्याच कुंपणातली आहे, असाही गैरसमज नको. याच कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते पुरे झाले नव्हते. ज्या पाण्याचा घोट आपण पिणार नाही त्यासाठी बांध घालणे, ज्या मुलाच्या मोठेपणी आपण नसू त्याच्यासाठी शाळा काढणे, हा सुज्ञतेचा स्वभाव आहे. वर्षात दुप्पट मागणाऱ्याला तो कळायचा नाही. सत्य जेथे जेथे आहे तेथे तेथे ते देवाचेच आहे, ही आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा कागलच्या मातीतून शिकण्यात आपल्याला संकोच कसला?

प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाचा शेवट दोन घरांच्या दाखल्याने होतो. एक खडकावर, एक वाळूवर. कोल्हापूरकरांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने पंचावन्न फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक खोळंबली. ज्यांच्या घरांत पाणी शिरले ते मूर्ख, असा अर्थ कोणीही काढू नये. त्यांत कित्येकांना दुसरीकडे जागाच नव्हती, आणि पूररेषेच्या आत बांधकामे होऊ देणाऱ्यांचा जाब निराळा आहे. दाखल्याचा मुद्दा दुसरा आहे. पाऊस दोन्ही घरांवर पडला, वारा दोहोंना लागला, पूर दोहोंपर्यंत आला. ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्याला पूर टळतो, असे प्रभूने म्हटलेच नाही. आणखी एक, ते दोघेही श्रोते होते. दोघांनीही प्रभूचे शब्द ऐकले होते. एकाने ऐकून केले, दुसऱ्याने ऐकून घरी जाऊन जेवण केले.

फौंड्रीतले आमचे बांधव यावर हसून म्हणतील, 'फादर, आमचे तर पोटच वाळूवर आहे!' खरे आहे. आणि त्यांच्या वाळूकडून आपण आणखी एक धडा घेऊ शकतो. सुटी वाळू मुठीतसुद्धा ठरत नाही. तिच्यात बेंटोनाइटची माती आणि बेताचे पाणी मिसळून ती नीट दाबली म्हणजे तिचाच साचा चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस झेलतो. पाणी थोडे जास्त झाले की वाफ धरते आणि ओतीव भागात पोकळी राहते. बाहेरून भाग गुळगुळीत दिसतो, रंग देऊन उभा केला तर कोणाला शंकाही येत नाही. यंत्रावर चढवून वरचा थर उतरवला की आतले छिद्र उघडे पडते आणि माल परत येतो. आपली कुटुंबेही अशीच आहेत. दिवस सुटे आहेत, माणसे सुटी आहेत. त्यांना बांधून धरणारी माती हवी. ती म्हणजे रोजची प्रार्थना, वचनाचे वाचन, पतीपत्नींचे खुले बोलणे, रविवारची मिस्सा. आणि संकटाच्या यंत्रावर चढायची पाळी प्रत्येकावर येते. तेव्हा रंग उपयोगी पडत नाही.

मग करावे काय? हवेत उपदेश करण्याची आमची इच्छा नाही. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आहेत, महिन्याच्या तारखांइतके. ज्या तारखेस जो अध्याय येईल तो रात्री जेवणानंतर घरातील कोणीतरी मोठ्याने वाचावा. सात-आठ मिनिटांचे काम आहे. मोठी रक्कम कोठेही गुंतवण्यापूर्वी, कर्जावर सही करण्यापूर्वी, कोणालाही जामीन राहण्यापूर्वी तीन दिवस थांबावे आणि त्या तीन दिवसांत पत्नीला अथवा पतीला, आणि व्यवहार जाणणाऱ्या एका निःस्वार्थी माणसाला, सारे कागद दाखवावेत. जी योजना तीन दिवस थांबू देत नाही, ती तेवढ्यावरूनच ओळखावी. कामगारांनी मास्क, बूट आणि तपासणी हा आपला हक्क आणि आपले धर्मकर्तव्य मानावे. पर्यवेक्षकांनी त्याची खात्री करून मगच रविवारी वेदीपुढे यावे. धर्मग्रामांनी सणाच्या मंडपाच्या खर्चातून वर्षाला थोडी रक्कम बाजूस काढून ग्रंथ घ्यावेत आणि एखाद्या संध्याकाळी बँकेतील जाणकाराला बोलावून तरुणांना व्याज, विमा, हप्ता यांचा हिशेब शिकवावा. हे धर्माबाहेरचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी नीतिसूत्रे पुन्हा वाचावीत. जामीन राहण्याविषयी तेथे दिलेली सावधगिरी आजच्या कोणत्याही वकिलाला मान्य होईल अशी आहे.

हे सर्व मात्र साधन आहे, मूळ नव्हे. ईयोबाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणीचे वर्णन आहे. माणूस जमिनीच्या पोटात शिरतो, अंधाराला दिवा दाखवतो, लोखंड उकरतो, दगड वितळवून तांबे काढतो, चांदीची शीर शोधतो. औद्योगिक वसाहतीत वाचावा असा तो अध्याय आहे. आमच्या शेजारचे हुपरी गाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध. तेथील कारागीर मुशीत चांदी शुद्ध करतो तेव्हा मळ वर येऊन वेगळा होईपर्यंत आच कमी करीत नाही. ईयोबाचा ग्रंथ विचारतो की, हे सारे जमणाऱ्या माणसाला सुज्ञता मात्र कोठे सापडेल? ती बाजारात नाही, समुद्राच्या तळाशी नाही, सोन्याने तोलून मिळत नाही. तिचे ठिकाण फक्त देवाला ठाऊक आहे, आणि देवाचे भय हाच तिचा उंबरठा. भय म्हणजे धाक नव्हे. आपण मालक नाही, आपल्याला हिशेब द्यायचा आहे, या जाणिवेने मान किंचित लवलेली असणे, हे ते भय.

पूर्वेकडून निघालेल्या ज्ञानी लोकांजवळ पाच तारे नव्हते, एकच होता. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी संकोच सोडून यरुशलेमात वाट विचारली. ज्यांना विचारले ते शास्त्री मोठे पंडित. बेथलेहेमचा संदर्भ त्यांनी क्षणात सांगितला. पण जागचे हलले मात्र नाहीत. दोन तासांचे अंतर त्यांना जड झाले आणि परदेशी माणसे महिनोन्‌महिने चालून आली. आपले धर्मशिक्षणही त्या शास्त्र्यांसारखेच राहिले, तर उत्तरे बरोबर येतील आणि गोठ्यापर्यंत कोणीच पोहोचणार नाही.

हे उद्यावर टाकू नये. दहा कुमारिकांच्या दाखल्यातील पाच मूर्ख कुमारिका वाईट चालीच्या नव्हत्या. त्यांच्याजवळ दिवे होते, वराविषयी प्रेमही होते. फक्त तेल नंतर आणू असे त्यांनी ठरवले होते. आणि ते तेल उसने मिळत नाही, हे त्यांना मध्यरात्री कळले. आईची रोझरी मुलाला पुरत नाही, पत्नीची मिस्सा पतीच्या खाती जमा होत नाही. प्रत्येकाने आपली कुपी आपणच भरायची आहे, आणि दुकान उघडे आहे तोपर्यंतच.

म्हणून हा अंक हाती पडेल त्या रात्री आपल्या घरातील मेजावर दोन पुस्तके शेजारी शेजारी उघडी ठेवावीत, एक बायबल आणि दुसरे बँकेचे पासबुक. पतीपत्नींनी आणि जाणत्या मुलांनी मिळून दोन्ही वाचावीत, आणि दुसऱ्यातील कोणती नोंद पहिल्यापुढे मोठ्याने वाचायला आपल्याला लाज वाटते, ते पाहावे. सुज्ञतेचे काम तेथूनच सुरू करता येईल.